चूक सांगा, टाळ्या घ्या

टाळ्या विरल्या आणि तिची पाळी आली. औषधाचा छोटा प्लास्टिकचा कप मुठीत घट्ट धरून ती उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळात दहाला बारा कमी होते. दहाला मालाची गाडी सुटणार होती.

तिच्याआधी तिघांनी आपापल्या चुका कबूल केल्या होत्या. पॅकिंगच्या बाई म्हणाल्या, "कामाच्या नादात काल मी जेवायचंच विसरले." स्टोअरकीपर म्हणाला, "मी माणसांवर फार लवकर विश्वास टाकतो." साहेबांच्या मदतनिसाने तर कमालच केली. गहिवरून म्हणाला, "साहेबांचं मार्गदर्शन मी पूर्वीच अमलात आणायला हवं होतं." प्रत्येक चुकीला कडकडून टाळ्या. मुख्य कचेरीतून आलेले दोन पाहुणे पहिल्या रांगेत माना डोलावत सगळं लिहून घेत होते.

ही सोमवारची सभा साहेबांनीच सुरू केलेली. नेतृत्वाच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेले होते. येताना एक पेन, एक पिशवी आणि एक तत्त्व घेऊन आले. पेन महिन्यात बंद पडलं, तत्त्व भिंतीवर लागलं : 'चूक सांगा, विश्वास कमवा.' पहिल्याच सभेत ट्रकच्या ड्रायव्हरने, भाबडा माणूस, खरीच चूक सांगून टाकली. मागे घेताना गाडी खांबाला घासली होती म्हणे. साहेबांनी त्याला मिठी मारली. टाळ्याच टाळ्या. पंधरा दिवसांनी त्याच्या हातातून किल्ली गेली आणि शिट्टी आली. आता तो गेटवरच्या बाकावर बसतो. तेव्हापासून कारखाना शहाणा झाला. लोक डब्यासोबत घरूनच चुका बांधून आणू लागले.

तिने मात्र आज खरी आणली होती.

मुलांच्या खोकल्याच्या औषधासोबत जाणारे कप तपासणं हे तिचं काम. गेल्या आठवड्यात नवे कप आले आणि नेमका तेव्हाच पाळणाघरातून फोन आला, पोरीला ताप भरलाय. घाईघाईत तिने रेघा सुबक उमटल्यात एवढं पाहिलं आणि सही ठोकली. पाणी ओतून माप बघायचं राहून गेलं. त्यातलाच एक कप तिने पोरीला खेळायला नेला होता. आज सकाळी पोरगी बाहुलीला औषध पाजत बसली होती. घरातला जुना कप पाच मिलीच्या रेघेपर्यंत भरून ओतला, की बाहुलीची वाटी बरोब्बर काठोकाठ भरायची. आज नव्या कपाने ओतलं तर पाणी सांडून बाहुलीचा फ्रॉक भिजला.

"आई, एवढं औषध नाही पीत ती," पोरगी रागावून म्हणाली.

तिने दोन्ही कप घेऊन पुन्हा पुन्हा ओतून पाहिलं. नव्या कपातले पाच म्हणजे जुन्यातले दहा. गप्प बसली असती तर नोकरी राहिली असती, पाळणाघर राहिलं असतं. आणि कुठल्याशा घरात दुसरी एखादी आई, "एवढंच, सोन्या, संपलं बघ," म्हणत हा कप चिमुकल्या ओठांना लावणार होती. रेघेवर भरवसा ठेवून. नव्या कपांचा पहिला माल आजच निघायचा होता.

आल्या आल्या ती साहेबांकडे धावली होती. "सभेत सांगा! मोकळेपणाने, सर्वांसमोर!" म्हणत त्यांनी तिला खुर्ची दाखवली होती.

"साहेब," ती आता म्हणाली, "नव्या कपांवरची रेघ चुकलीय. पाचच्या जागी दहा भरतंय. मी न मोजता पास केले. तेच खोके गाडीत चढलेत. गाडी थांबवा."

पाहुण्यांची पेनं थबकली. साहेबांचं हसू तसूभरही हललं नाही, फक्त त्यातला जीव गेला.

"वा!" ते म्हणाले. "पाहिलंत? इतकं मोकळं बोलतात माझी माणसं! टाळ्या!"

टाळ्यांनी छत दणाणलं.

"साहेब, ही खरी चूक आहे."

"अहो, सगळ्यांच्याच खऱ्या असतात. बसा, बसा. हं, पुढे कोण?"

दहाला पाच कमी. ती बसली नाही. खुर्च्यांमधून वाट काढत दाराबाहेर पडली आणि पळतच सुटली.

गेटवर ट्रक धडधडत उभा होता. पूर्वीचा ड्रायव्हर, आताचा गेटवाला, पास हातात घेऊन आडवा दांडा वर करतच होता.

"काका, थांबा! सोडू नका गाडी!" तिला धाप लागली होती. "कप चुकलेत. पोरांच्या पोटात दुप्पट औषध जाईल. चूक माझी आहे."

त्याने हातातला पास पाहिला. "साहेबांची सही आहे यावर."

"त्यांना सांगितलं. भर सभेत."

तो तिच्या मुठीतल्या कपाकडे बघत राहिला. मग त्याने दांडा खाली ओढला, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. ट्रकमधून आरोळी आली, "ओ काका, उशीर होतोय!"

"इंजिन बंद कर," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "टाळ्या झाल्या?"

"झाल्या. खूप."

तो बाकाच्या एका कडेला सरकला.

"मग बस, पोरी. दोघांना पुरतो हा."