मूळ प्रत

‘या कादंबरीकारावर कोणाचाही प्रभाव नाही. गेल्या सव्वीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याची एकही कादंबरी वाचलेली नाही,’ असे प्रकाशनसंस्थेचे अधिकृत पत्रक सांगत होते. ते संपादिकेने स्वतः लिहिले होते. त्याची चिरफाड करणारी अकरा पानांची तक्रारही आता तिच्याच टेबलावर येऊन पडली होती.

तक्रार तिला शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंची होती. भाषा थंड, म्हणूनच अधिक झोंबणारी. ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका विस्मृत लेखकाच्या कादंबरीतही असेच शहर होते, जिथे उच्चारलेला शब्द वर्षभराने ऐकू येतो. तिथेही घड्याळे दुरुस्त करणारी एक बाई मेलेल्या आईचे शेवटचे शब्द ऐकण्यासाठी तिच्या खोलीत वर्ष सरण्याची वाट पाहते. अशी बेचाळीस साम्यस्थळे बाईंनी मांडली होती. ‘प्रभाव नाही, हे पत्रकातले विधान खरेच आहे,’ असा समारोप होता. ‘उचलेगिरीला प्रभाव म्हणत नाहीत.’

येत्या सोमवारी संस्थेच्या चौकशी समितीने आरोप मान्य केला, की कादंबरीच्या साऱ्या प्रती लगद्यात जाणार होत्या. संपादिकेने त्या कादंबरीवर दोन वर्षे डोळे फोडले होते.

ती कादंबरीकाराच्या घरी गेली, तेव्हा तो इस्त्रीच्या टेबलापाशी उभा राहून लिहीत होता. रोज सकाळी एक पान, उभ्यानेच; ते संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही. तोवर तिने कपाट न्याहाळले. कादंबरी खरोखर एकही नव्हती. होते ते काळ्या कापडी बांधणीचे, ग्रंथालयांनी मोडीत काढलेले प्रबंध.

“रद्दीवाल्याकडून किलोवर आणतात,” कादंबरीकाराची बायको चहा ठेवत म्हणाली. “कादंबरी काय, कुणीही वाचतं, ताई. प्रबंध परीक्षकसुद्धा वाचत नाहीत. म्हणून यांना आवडतात.”

तिसऱ्या ओळीत बाईंचा प्रबंध होता. पाचव्या प्रकरणात त्या विस्मृत कादंबरीचा सारांश होता आणि समासात पेन्सिलीच्या खुणांची दाटी.

पान संपवून कादंबरीकाराने टोपण लावले. तो गडबडला नाही. सारांश वाचणे म्हणजे चोरी नव्हे, असे त्याने शांतपणे समजावले. मूळ पुस्तक आजवर पाहिलेय कुणी, असेही विचारले. “टेबलावर ठेवा म्हणावं त्यांना. सोमवारी मी पेन घेऊनच येतो. कबुलीवर सही करून मोकळा होईन.”

म्हणजे सारे त्या मूळ प्रतीवर येऊन ठेपले. संपादिकेने तीन ग्रंथालये पालथी घातली. पुस्तक कुठेच नव्हते. लेखक मात्र सर्वत्र होता. दोन कोशांत नोंद, सात प्रबंधांत उल्लेख. एका समीक्षकाने त्याला काळाच्या पुढचा ठरवले होते, दुसऱ्याने तापाने मारले होते. प्रत्येकाची तळटीप बाईंच्या पाचव्या प्रकरणाकडे बोट दाखवत होती. तिला त्यात वावगे वाटले नाही. विद्वानांनी एकमेकांचे उतरवले, की त्याला परंपरा म्हणतात.

बाईंनी दार उघडून तिला आत घेतले आणि आधी कादंबरीच्या शेवटाचा समाचार घेतला.

“शेवट त्याला झेपलेला नाही. याच्या कादंबरीत आई बोलते. मूळ कादंबरीत ती गप्पच असते. वर्षभर थांबून मुलीला फक्त श्वास ऐकू येतो.”

“बाई, प्रबंधात तर शेवट दिलेलाच नाहीये.”

“नसेल. मला पाठ आहे.”

संपादिकेच्या मनात लख्ख उजेड पडला. प्रत घरातच होती. बाईंनी ती तरुणपणी कुठल्यातरी ग्रंथालयातून लांबवली असणार. म्हणून ही लपवाछपवी. तिने चुचकारून पाहिले. प्रत आली नाही, तर समिती तक्रारच खोटी ठरवील आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होईल, हेही सांगितले. शेवटी हळूच म्हणाली, “चाळीस वर्षांपूर्वी कुठून उचलली असेल, तरी आता कोण विचारतंय?”

बाई पहिल्यांदाच हसल्या. “मी चोरली असं वाटतं होय तुला?” मग बराच वेळ त्या खिडकीची कडी चाळवत राहिल्या. “दिली, तर परत मिळेल ना गं? मला फार महागात पडणार आहे ती.”

सोमवारी समिती जमली. कादंबरीकार पेन घेऊन आला होता. बाई आल्या नाहीत. त्यांचे पुडके आले. संपादिकेने दोरा सोडला. आत छापील पुस्तक नव्हते. रेघांच्या पाच वह्या होत्या, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि वर सही केलेला एक कागद. अध्यक्षांनी तिला तो मोठ्याने वाचायला सांगितला.

‘ही कादंबरी मी पंचविसाव्या वर्षी तुमच्याच संस्थेकडे पाठवली होती. ती न उघडता परत आली. पुढे प्रबंधात मी तिचा सारांश एका मृत पुरुषाच्या नावावर घातला, तेव्हा सर्वांनी तिला श्रेष्ठ म्हटले. माझी पदवी काढून घ्यावी, माझी हरकत नाही. मूळ प्रत सोबत जोडली आहे. तो लेखक कधी जन्मलाच नाही. हस्ताक्षर माझे आहे.’