शेतीचा रकाना

रामूकाकांनी छापील कागद चष्म्याजवळ नेला, सरळ खालून तिसऱ्या ओळीवर बोट टेकवलं आणि बोट तिथंच राहिलं.

"हिथं शून्य लिवलंयस, बाय."

हे येणार हे विनयाला ठाऊकच होतं. वसईत झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत ती लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरायची. जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे मान वर करायला फुरसत नाही. बाहेरच्या बाकावर सहाजण ताटकळत बसले होते, त्यातला एक दर मिनिटाला घड्याळ बघून तिला ऐकू जाईल असा सुस्कारा सोडत होता. तरी रामूकाकांसाठी ती दरवर्षी दहा मिनिटं बाजूला काढायची. व्याज किती, कर किती, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. त्यांना हवा असे शेतीच्या उत्पन्नाचा आकडा. शेतीला कर नाही, तो आकडा लिहिला काय न लिहिला काय, तुमच्या करात पैशाचा फरक पडत नाही, हे तिनं त्यांना निदान नऊ वेळा समजावलं होतं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, तरी लिव. मग तो आकडा तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा, कागदाची चौघडी खिशात ठेवायची आणि उमेळ्याला, आपल्या गावी, परत जायचं.

यंदा त्यांच्या बागायतीच्या वाडीवर सात मजली बिल्डिंग उभी होती. बिल्डरनं दिलेले दोन फ्लॅट भाड्यानं गेले होते. मुलानं, हितेशनं, सगळे कागद मोबाइलवर पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं, शेतीचं काही दाखवू नका, बाबा ऐकणार नाहीत, तुम्हीच सांभाळून घ्या. सांभाळून घ्या म्हणे. म्हणजे वाईटपणा विनयानं घ्यायचा.

तिनं तो घेतला. वाडी गेली, वर्षभरात काही विकलं नाही, मग उत्पन्न कुठून आणू, म्हणाली. त्यावर रामूकाकांनी ऐकवलं की विहिरीकडचे दोन गुंठे अजून त्यांच्याच नावावर आहेत आणि तिथं वेलची केळीची आठ झाडं त्यांनी स्वतः लावली आहेत. त्यांची केळी कुठं विकली का, असं तिनं विचारलं. विकायला ती काय गाडीभर होती? घरात खाल्ली, बिल्डिंगमधल्या पोरांना दिली.

"वाटलेल्याचं उत्पन्न धरता येत नाही, काका."

"पाचशे लिव. कोन बघतंय?"

"मी बघतेय ना."

रामूकाका कागदाकडेच बघत हळू म्हणाले, "माज्या शाळेच्या दाखल्यावर बापाचा धंदा शेती. हितेशच्या दाखल्यावर माजा शेती. आता ह्या कागदावर मी कोन? भाडं खानारा?"

पाचशे लिहिले असते तर कुणी विचारायला येणार नव्हतं. पण बारा वर्षांत तिनं कुणाचा खोटा आकडा भरला नव्हता. ज्यांना तो भरून हवा होता ते रागावून दुसरीकडे गेले होते. या म्हाताऱ्यावर तर तिचा जीव होता, आणि नेमका तोच मागत होता.

टेबलावरच्या फायलींवर त्यांनी आल्या आल्या ठेवलेली केळ्यांची फणी होती. दरवर्षी आणत, तशीच यंदाही आणली होती. विनया तिच्याकडे बघत राहिली.

"काका, ही फणी मला विका."

"खुळी झालीस काय? तुला विकत देऊ?"

तिनं समजावून सांगितलं. या कागदावरचं शून्य शून्यच राहणार, ते वर्ष मार्चमध्ये संपलं. पण एप्रिलपासून नवीन वर्ष लागलं आहे. आज जे विकाल ते त्यात धरेन आणि पुढच्या जुलैत त्याच ओळीत लिहीन. फक्त त्यासाठी पुढच्या जुलैत तुम्हाला इथं यावं लागेल.

"पुढच्या जुलैचं कोन सांगतंय," ते पुटपुटले. पण कागदावरचं बोट निघालं.

विनयानं कोरा कागद ओढून पावती लिहायला घेतली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचली. माल, वेलची केळी, एक फणी. विकणाऱ्याचा व्यवसाय, शेती. मग पर्समधून साठ रुपये काढून त्यांच्यासमोर ठेवले.

रामूकाकांनी नोटांकडे पाहिलं आणि खुर्चीत ताठ बसले. फणी उचलून तळहातावर जोखली.

"साठ? बाजारात पावडर मारून पिकवलेली ऐंशीला चाललीत. ही झाडावर पिकलेली हायत."

जुनं गिऱ्हाईक म्हणून सत्तर घ्या, असं विनयानं म्हणून पाहिलं. त्यांनी फणी पिशवीत घालायला घेतली. खरंच घेतली. बाकावरचा घड्याळवाला दारातून डोकावून बघू लागला.

तिनं ऐंशी दिले. कुणाचा मोठा रिफंड आला तरी तिला इतका आनंद होत नसे. रामूकाकांनी नोटा दोनदा मोजल्या, पावतीवर सही केली, आपली प्रत त्या शून्याच्या कागदावर ठेवून दोन्हींची एकच चौघडी केली आणि खिशात टाकली. आता पुढचा माणूस आत ये, असं स्वतःच बाहेर सांगून ते जिन्याकडे गेले.

दोन पायऱ्या उतरून परत आले. पिशवीत हात घालून दोन सुटी केळी काढली आणि तिच्या कीबोर्डशेजारी ठेवली.

"ही वरची," म्हणाले. "ह्यांची पावती नको लिवू."