फळाचं सभ्य नाव

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले. डावा स्तन गेला तो गेलाच, केस परत आले, पण केमोनं नेलेले शब्द काही परत येईनात. म्हणून हवानातल्या दवाखान्यात आम्ही सात बायका दर मंगळवारी स्मरणशक्तीच्या शिकवणीला बसतो. शिकवणारी यामिले देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या सान्तियागोकडून नुकतीच आलेली, माझ्या लेकीच्या वयाची.

काल तिनं मला एक चित्र दाखवलं. मधोमध चिरलेलं केशरी फळ, आत काळ्या बिया.

"आठवा, ओदालिस मावशी. एवढं सांगितलंत की कामावर जायची चिठ्ठी देते."

पपाया! आठवलं की लगेच. पण आमच्या हवानात हे नाव फळाला देत नाहीत, ते बायकांच्या मांड्यांमधल्या ऐवजाचं नाव आहे. फळाला वेगळं सभ्य नाव आहे, आणि नेमकं तेच आठवेना.

चिठ्ठी तर हवी होती. मी डोळे मिटून ओरडले, "पपाया!"

"चला, हिची तेवढी तरी शाबूत आहे!" मागून मिग्दालिया म्हणाली, आणि आम्ही सातही जणी पोट धरून हसलो.

सान्तियागोत पपायाला पपायाच म्हणतात. यामिलेला वाटलं, आम्हाला आनंद झालाय. "शाब्बास मावशी, डोकं अगदी ठिकाणावर आलं!" म्हणत तिनं चिठ्ठीवर सही ठोकली.



सोमवारी सकाळी अकराला मी पुन्हा रेडिओवर थेट पाककृती सांगणार आहे. पहिलीच त्या फळाच्या मुरंब्याची, आणि सभ्य नाव अजून आठवलेलं नाही.