दोन हलके ठोके

बोट तीस वर्षं जुनी, पण तोर्लाइफच्या होडीच्या दुप्पट मोठी, केबिनवाली. फ्योर्डच्या खाडीकाठी लाकडी ठोकळ्यांवर ती उभी होती आणि त्याची नजर तिच्यावरून हटत नव्हती.

बोटींचा म्हातारा पारखी ओडवार हातोडीचा एकेक जोरदार ठोका मारत तिची बाजू तपासत होता. जागा पक्की निघाली की तो दोन हलके ठोके द्यायचा.

“काय देखणी आहे, काका! घेतलीच समजा.”

“आधी लाळ पूस. मला नीट बघू दे.”

तोर्लाइफने हसत बोटीला छाती टेकवून मिठीच मारली. ठकठक चालूच राहिली.

“काका, पुरे की आता!”

पाठीमागून ओडवार हळूच म्हणाला, “माझी हातोडी मघाशीच पिशवीत गेली.”

केबिनला कुलूप होतं आणि मालकाने दिलेली किल्ली तोर्लाइफच्या खिशात.

ठकठक आतून सरकत आली, नेमकी त्याच्या छातीसमोर थांबली. एक जोरदार ठोका बसला.

मग दोन, हलके.