धाकूचं 'व्हय'

शहाऐंशी सालचा गणपती. दरवर्षी विसर्जनाआधी थोरला आत्माराम गाऱ्हाणं घालायचा आणि अख्खं घर 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यात सगळ्यांत मोठा आवाज धाकट्या भावाचा, धाकूचा. तिशी उलटली तरी त्याची समज लहान मुलाएवढीच. "पण मन निर्मळ. देव आधी त्याचंच ऐकतो," असं आत्माराम पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा.

यंदा आत्माराम म्हणाला, "परवा धाकूला मुंबईच्या आश्रमात ठेवतोय. तिथं त्याला सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!" धाकू एकटाच ओरडला. "मला नाय जायाचं. मी हितंच ऱ्हाणार."

आत्मारामनं घाईघाईनं मूर्तीपुढे हात जोडले.



"त्याचं मनावर घेऊ नको रे म्हाराजा. त्याला काय कळतंय!"