चंद्रकोरीच्या गाईचं वासरू

डागलेलं वासरू सुटून उठलं आणि हंबरत आईकडे धावलं, तेव्हा आवारातल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. वासराच्या पुठ्ठ्यावर माझ्या रँचची खूण, दुहेरी रेघ, अजून धुमसत होती. आणि ज्या गाईला ते लुचू लागलं, तिच्या पुठ्ठ्यावर होती शेजारच्या व्हर्लिनकाकांची चंद्रकोर.

मोंटानाच्या आमच्या खोऱ्यात कुरण सामायिक, गुरं मिसळलेली. नव्या वासरांवर मालकाची खूण डागायच्या दिवशी शेजारी एकमेकांच्या मदतीला येतात, आणि घोड्यावरून दोराचा फास टाकून वासरं धरण्याचा मान सर्वांत जाणत्याचा असतो. वासरू कोणत्या गाईचं, हे त्यानेच पाहायचं; गाईवर ज्याची खूण, त्याचंच वासरू. त्याने आगीपाशी ओढून आणलेल्या वासराविषयी कोणी शंका घेत नाही. चाळीस वर्षं तो मान व्हर्लिनकाकांचा होता.

"काका, लेकीच्या लग्नातही असा आहेर केला नव्हता तुम्ही," मदतीला आलेला दुसरा शेजारी डेल्मर म्हणाला.

काका घोड्यावरून उतरले आणि दोर गुंडाळत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"डाग तू दिलास. गाय कोणाची, ते तुला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं. पण तुमची नजर गेलीय, हे चारचौघांत कसं बोलणार, काका?"

त्यांनी सावकाश मान हलवली, जणू माझं म्हणणं त्यांना पटलं होतं.



"आणि गेल्या वर्षी तुझा डाग बसलेली माझी दोन वासरं? ती गुपचूप परत आणून द्यायला चारचौघांची काय अडचण होती रे?"

तापलेली सळई मी पुन्हा निखाऱ्यांत ठेवली आणि कुंपणाकडे चालू लागलो.