दोन वाट्या

सासूबाईंच्या हृदयात रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली आणि बजावलं, "पालेभाजी रोज एकच वाटी. जास्त झाली, तर गोळीचा जोर चालणार नाही."

ती वाटी धाकटी सून सकाळीच करून, झाकून ठेवून कामाला जायची. एकदा सासूबाई तिला म्हणाल्या, "काय गं बाई तुझ्या हाताला चव!" झालं, थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. केस पिकवले आपण या घरात, आणि चव म्हणे हिच्या हाताला! दुसऱ्या दिवशी धाकटीची पाठ वळताच ती स्वतःची वाटी घेऊन हजर. "आई, तिची राहू द्या झाकलेली. आजपासून माझीच खायची." सासूबाईंनी चाटूनपुसून खाल्ली. थोरली रोज मनातल्या मनात सुखावू लागली.

पुढच्या तपासणीत डॉक्टर पडद्याकडे बघतच राहिले. गुठळी तसूभरही विरघळली नव्हती.

"भाजी किती देता?"

"एकच वाटी. रोज सगळी संपवतात," धाकटी म्हणाली.

"संपवतात?" थोरलीच्या तोंडून निसटलं. "तुझी?"

सासूबाईंनी मान खाली घातली. "दोघीही मायेनं करता गं. कुणाची टाकू?"

थोरलीचा चेहरा खर्रकन उतरला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिने धाकटीचा हात धरला. "वाटी तुझीच राहू दे, बाई."

शेवटच्या पायरीवर मात्र तिला राहवलं नाही.

"पण भाजी निवडून मी देणार हं!"